फोन कूटबद्ध केला म्हणून आवाज तुटतो का?

फोंड्याहून एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं पॅथॉलॉजी आणि एक्स-रेचं केंद्र फोंड्यात, शाखा वाळपई, सावर्डे आणि मडगावला. सगळे फोन इंटरनेटवरून फोंड्यातल्या एक्स्चेंजला जोडलेले. काही महिन्यांपूर्वी त्यांनी शाखांची सगळी वाहतूक व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंद वाटेत, तिलाच टनेलही म्हणतात) घातली, वर फोनचं स्वतःचं एन्क्रिप्शनही चालू केलं, म्हणजे किल्लीशिवाय ऐकता येऊ नये असा आवाज कूटबद्ध केला. त्या लिहितात: 'सकाळी आठला आवाज स्वच्छ असतो. अकरानंतर शब्द गळतात, कधी समोरचं माणूस दोन सेकंद गप्प राहून एकदम बोलायला लागतं. वाळपईला तर सकाळीही बरं नसतं. आमचा तंत्रज्ञ म्हणतो, सुरक्षा काढून टाका, फोन सुधारतील. काढू का?'

काढू नका, ताई. तुमच्याकडे डॉक्टरांना आणि पेशंटना फोनवरून अहवाल सांगितले जातात. इंटरनेट फोनचा आवाज उघडा ठेवला तर त्याच नेटवर्कवर बसलेला कुणीही वायरशार्कसारखं मोफत साधन वापरून तो पकडू शकतो आणि त्याच साधनात वाजवून ऐकू शकतो. त्यासाठी फार हुशारी लागत नाही. आपल्याकडे गावं लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. एखाद्या मुलीचा गर्भचाचणीचा किंवा कुणाचा एचआयव्हीचा अहवाल भलत्या कानी पडला, तर ते नुकसान नंतर कशानेही भरून येत नाही. म्हणून सुरक्षा काढणं हा पहिला उपाय मी कधीच सुचवत नाही.

तुमच्या तंत्रज्ञाचं निरीक्षण मात्र खरं असणार. सुरक्षा काढली की फोन सुधारत असतील, याबद्दल मला शंका नाही. पण 'सुरक्षा' या एका शब्दात तुम्ही तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी केल्या आहेत. त्यातली एकच बहुधा त्रास देते आहे, आणि ती ओळखायची खूण तुमच्याच पत्रात आहे: सकाळी आठला आवाज स्वच्छ. आठ वाजताही एन्क्रिप्शन तेच असतं, किल्ली तेवढ्याच लांबीची असते, फोन तेच असतात. मग अकरानंतर काय बदलतं? तुमचे एक्स-रे चढायला लागतात.

आधी एन्क्रिप्शनचा हिशेब करू. फोन तुमच्या आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा एका पॅकेटात घालून पाठवतो, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेटं. नेहमीच्या जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत) आवाज १६० बाइटचा, वर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या प्रोटोकॉलांची, पॅकेटाचा पत्ता, क्रमांक आणि वेळ सांगणारी, मिळून ४० बाइटची वेष्टनं. एकूण २०० बाइट, म्हणजे ८० केबीपीएस (सेकंदाला ८० हजार बिट). आता आरटीपीच्या जागी एसआरटीपी घ्या, म्हणजे आवाज कूटबद्ध. हा प्रोटोकॉल २००४ साली ठरला, आणि तो ठरवणाऱ्यांनी फोनचाच विचार केला होता. कूटबद्ध केल्यावर आवाजाचा आकार वाढत नाही. फक्त मध्ये कुणी फेरफार केला नाही याची खूण म्हणून बहुधा १० बाइट मागे जोडले जातात. ८० चे ८४ केबीपीएस होतात. आजच्या फोनच्या प्रोसेसरला एवढं पॅकेट कूटबद्ध करायला मायक्रोसेकंद लागतात, आणि संभाषणाला उशीर जाणवतो तो मिलिसेकंदांत मोजायचा असतो. अगदी जुना फोन किंवा स्वस्तातलं एक्स्चेंज असेल तर एकाच वेळी अनेक कॉल आल्यावर प्रोसेसर दमू शकतो, एवढीच सवलत मी इथे देईन.

एसआरटीपीतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यात प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे उलगडतं. वाटेत एक हरवलं तर त्याच्या मागचं पॅकेट वाचायला काहीच अडत नाही. २० मिलिसेकंदांचा आवाज गेला तर गेला, फोन तेवढी जागा अंदाजाने भरतो आणि बोलणं पुढे चालू राहतं.

व्हीपीएनची पद्धत वेगळी आहे. व्हीपीएन पूर्ण पॅकेटाला दुसऱ्या पाकिटात घालतो. आयपीसेक या व्हीपीएन प्रकाराच्या टनेल पद्धतीत, एईएसची सीबीसी पद्धत आणि एसएचए-१ ची खूण धरली तर २०० बाइटचं पॅकेट २६४ चं होतं, म्हणजे साधारण १०६ केबीपीएस. आत एसआरटीपीही असेल तर ११२. आठ कॉल एकाच वेळी चालू असले तरी एक एमबीपीएसच्या आत. फोंडा, सावर्डे, मडगावला तुमच्याकडे फायबर आहे, तिथे या वाढीने काही बिघडत नाही. म्हणजे दोन कुलपं लावली म्हणून आवाज तुटतो, हे आकड्यांत बसत नाही. बारीक कोडेक वापरलं तर मात्र वेष्टन मालापेक्षा जड होतं. जी.७२९ मध्ये आवाज फक्त २० बाइटचा, उघडा कॉल २४ केबीपीएसचा. तोच त्या टनेलमधून गेला की ४८. बरोबर दुप्पट. वाळपईच्या संदर्भात हे पुढे कामाला येईल.

खरा संशय मला दोन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे तुमचा व्हीपीएन टीसीपीवर चालतो की यूडीपीवर, म्हणजे पॅकेटं पाठवण्याच्या या दोनपैकी कुठल्या पद्धतीवर. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण 'दोन सेकंद गप्प राहून एकदम बोलायला लागतं' हे वाचल्यावर मी टीसीपीवर पैज लावेन. टीसीपीचा नियम असा की प्रत्येक पॅकेट पोचलंच पाहिजे आणि ओळीनेच पोचलं पाहिजे. एक हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, आणि ते येईपर्यंत मागची सगळी पोचूनही दाराशी थांबून राहतात. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट लागली आहे आणि पहिला माणूस उतरल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही असं ठरलं आहे. पहिल्याची स्कूटर सुरू होत नाही, मागे सगळी बोट खोळंबली आहे, असं समजा. फाइल पाठवायला हा नियम उत्तम, कारण फाइलमधला एकही बाइट हरवून चालत नाही. बोलण्याला मात्र तो मारक. दोन सेकंदांनी आलेला 'हो' काय कामाचा? यूडीपीवर, जिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जात नाही, तो 'हो' हरवला असता तर तुम्ही 'काय म्हणालात?' विचारून पुढे गेला असता. टीसीपीच्या टनेलमध्ये एसआरटीपी घातला की त्याचा तो हलकेपणा पूर्ण वाया जातो.

मग लोक टीसीपी का निवडतात? बऱ्याचदा हॉटेलांच्या किंवा सरकारी कचेऱ्यांच्या फायरवॉलमध्ये यूडीपी बंद असतं, आणि ४४३ पोर्टवरचं (वेबसाइटं ज्या दारातून चालतात तिथलं) टीसीपी सगळीकडून जातं. तंत्रज्ञ ते एकदा चालतं म्हणून सगळीकडे तेच लावतो. तुमच्या स्वतःच्या चार जागा आहेत, चारही राउटर तुमच्या ताब्यात आहेत. तिथे यूडीपीवर चालणारा टनेल लावायला काही अडचण असू नये, मग तो वायरगार्ड असो, आयपीसेक असो की ओपनव्हीपीएन यूडीपीवर बदललेला असो.

दुसरं ठिकाण रांगेचं आहे. एक डिजिटल एक्स-रे सहज १५ एमबीचा असतो. शाखेचा अपलोड १० एमबीपीएस असेल तर तो चढायला १२ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ राउटरच्या बाहेरच्या दाराशी मोठ्या पॅकेटांची रांग उभी असते. तुमच्या आवाजाचं छोटं पॅकेट त्या रांगेत मागे उभं राहतं. व्हीपीएन लावण्याआधीही एक्स-रे जातच होते, मग तेव्हा का तुटत नव्हतं? कारण तेव्हा राउटरला दिसत होतं की हा फोन आहे आणि ही फाइल आहे. फोन आपल्या पॅकेटांवर 'मला आधी सोडा' असा शिक्का मारतो. अनेक राउटर तो पाहून किंवा पोर्टवरून ओळखून आवाजाला पुढे काढतात. टनेलमध्ये शिरल्यावर फोन आणि एक्स-रे एकसारख्याच बंद पाकिटात जातात. आतला शिक्का बाहेरच्या पाकिटावर उतरवायचा की नाही हे प्रत्येक व्हीपीएनमध्ये वेगळं असतं. आयपीसेकमध्ये तो उतरवण्याची तरतूद आहे, ओपनव्हीपीएनमध्ये त्यासाठी वेगळी ओळ घालावी लागते. ती घातलेली नसली की राउटर आंधळा होतो. सुरक्षेने फोन बिघडतो असं जे म्हटलं जातं, त्यातला मोठा भाग माझ्या अनुभवात हाच निघाला आहे.

इथे एक वाट चुकीची असते, तीही सांगतो. लोक सेवा देणाऱ्या कंपनीशी भांडतात की तुम्ही आमच्या आवाजाला प्राधान्य का देत नाही. साध्या ब्रॉडबँडवर तो शिक्का पुढे कुणी पाहील ही आशा धरू नका. जी रांग तुमच्या हातात आहे ती तुमच्याच राउटरच्या अपलोडची. त्या राउटरला सांगायचं की खरा अपलोड १० असला तरी तू ८.५ किंवा ९ च सोड. म्हणजे रांग पुढे कंपनीच्या उपकरणात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कुणाला आधी सोडायचं ते तुम्ही ठरवता. चांगल्या राउटरांत हे 'स्मार्ट क्यू' किंवा 'क्यूओएस' या नावाखाली मिळतं. प्राधान्य टनेलमध्ये शिरण्याआधी, आतल्या बाजूला ठरवा.

तिसरी शक्यता तुमच्या बाबतीत मला कमी वाटते, पण तपासायला एक मिनिट लागतं. तुमचा व्हीपीएन थेट शाखा ते फोंडा आहे, की एखाद्या बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतो? बार्देशातल्या एका हॉटेलात मला बोलावलं होतं. किनाऱ्यावरचं रिसेप्शन आणि पणजीतलं ऑफिस, मध्ये वीस किलोमीटरही अंतर नाही, तरी दोन्हीकडची माणसं एकमेकांचं बोलणं तोडत होती. व्हीपीएनचा सर्व्हर युरोपात होता. फायबरमधून प्रकाश हजार किलोमीटरला साधारण ५ मिलिसेकंद घेतो. गोव्याहून युरोपात जाऊन परत यायचं म्हणजे साधारण चौदा हजार किलोमीटर, नुसत्या अंतराचे ७० मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. त्यात आवाजाचे तुकडे करायचा वेळ आणि पलीकडच्या फोनने साठवून ठेवायचा वेळ मिळवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना चालतो असं म्हटलंय. ते हॉटेल त्याच्या बरंच पुढे गेलं होतं. एन्क्रिप्शन तसंच ठेवून फक्त सर्व्हर मुंबईत आणला आणि तक्रार संपली.

वाळपईचा प्रश्न वेगळा आहे, तो या सगळ्यात मिसळू नका. तिथे फोर-जी राउटर आहे असं तुम्ही लिहिलंय. मोबाइल नेटवर्कवर पॅकेटं कमी-जास्त वेळाने येतात, पाऊस, डोंगर आणि टॉवरवरची गर्दी यांनी ते रोज बदलतं. टीसीपी टनेल अशा ठिकाणी सगळ्यात वाईट वागतो, म्हणून बदल तिथूनच सुरू करा. तुमचे फोन आणि एक्स्चेंज ओपस कोडेक चालवत असतील तर वाळपईला तो लावा. त्यात हरवलेला तुकडा भरून काढण्याची सोय आहे. नसेल आणि जी.७२९ च वापरायचं असेल, तर एका पॅकेटात २० ऐवजी ४० मिलिसेकंदांचा आवाज घाला. टनेलसकट ४८ चे साधारण ३० केबीपीएस होतात. बदल्यात २० मिलिसेकंद उशीर वाढतो आणि एक पॅकेट हरवलं तर दुप्पट आवाज जातो, म्हणून फायबरच्या शाखांना हे करू नका.

तुमच्या तंत्रज्ञाचा आणखी एक प्रश्न असेल: टनेलमध्ये आहेच, मग फोनचं एन्क्रिप्शन तरी कशाला? टनेल राउटरपासून राउटरपर्यंत असतो. राउटरच्या अलीकडे, तुमच्या वेटिंग रूमच्या भिंतीतल्या जॅकपर्यंत, आवाज उघडाच असतो. ११२ आणि १०६ मधल्या सहा केबीपीएससाठी ते दार उघडं ठेवू नये. आणि एसआरटीपी असेल तर कॉल जुळवणारा प्रोटोकॉल, एसआयपी, तोही टीएलएसवरच (जोडणी कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलवर) असला पाहिजे. बऱ्याच फोनांमध्ये आवाजाची किल्ली एसआयपीच्या संदेशातूनच पाठवली जाते. तो संदेश उघडा असला तर कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखं होतं. हेही लक्षात असू द्या की ही सुरक्षा तुमच्या एक्स्चेंजपर्यंतची आहे. तिथून पुढे कॉल पेशंटच्या मोबाइलवर जातो, तो भाग तुमच्या हातात नाही.

टीएलएसचा उशीर कॉलच्या मध्ये येत नाही, तो जोडणीच्या सुरुवातीला एकदा येतो. टीएलएस १.३ मध्ये, जे २०१८ साली आलं, एकच फेरी लागते, आधीच्या १.२ मध्ये दोन. फोनने सकाळी जोडणी केली की दिवसभराचे कॉल त्याच जोडणीवरून जातात. त्रास होतो तो वीज गेल्यावर. पेडण्यातल्या एका दवाखान्यात जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली आणि आल्यावर तासभर एकही फोन लागेना. अनेक आयपी फोनांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली की फोन कित्येक वर्षं मागच्या तारखेने जागा होतो, एक्स्चेंजचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र पाहतो आणि म्हणतो की हे अजून लागूच झालेलं नाही. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जोडणी नाकारतो, आणि तिथे इंटरनेटचा राउटरच सगळ्यात शेवटी उठला होता. त्यामुळे राउटर, स्विच आणि एक्स्चेंजला यूपीएस द्या, आणि वेळ सांगणारा सर्व्हर म्हणून राउटरचाच पत्ता फोनमध्ये घाला. सगळे फोन एकदम परतले की एक्स्चेंजला एकाच वेळी खूप जोडण्या कराव्या लागतात. छोट्या यंत्राला आरएसए प्रमाणपत्र जड जातं, ईसीडीएसए प्रकारचं हलकं पडतं.

एक लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही, पण इतरांच्या कामाला येईल. कॉल उचलल्यावर पहिला 'हॅलो' गिळला जातो आणि मग सगळं नीट चालतं. ब्राउझरवरून केलेल्या कॉलमध्ये हे दिसतं, कारण तिथे आवाजाची किल्ली कॉल जुळताना आवाजाच्याच वाटेवर ठरवली जाते, आणि त्या देवाणघेवाणीला क्षणभर लागतो. त्याचा तुमच्या तुटण्याशी संबंध नाही.

आता कामाचा क्रम. एका दिवशी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. आधी मोजा. आयपी फोनच्या स्टेटस पानावर चालू कॉलचं पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेटं) आणि जिटर (पॅकेटं येण्याच्या वेळेतला चढउतार) दिसतं. सावर्ड्याहून एक कॉल साडेआठला करा, एक साडेअकराला, दोन्हींचे आकडे लिहून ठेवा. फोन वायरने जोडलेला असू द्या, वायफायवर नको. मी लॉस १ टक्क्याच्या आत आणि जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर समाधानी असतो. आवाज कूटबद्ध असल्यामुळे मोजता येत नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. एसआरटीपी फक्त आतला आवाज झाकतो, पॅकेटाचा क्रमांक आणि वेळ उघडी असते. म्हणून वायरशार्कमध्ये संभाषण न ऐकताही लॉस आणि जिटर मोजता येतो. तुमच्या एसआयपीवर टीएलएस असेल तर हा आरटीपी आहे असं त्याला हाताने सांगावं लागेल, आणि पकडताना टनेलच्या आतल्या बाजूला पकडावं लागेल.

मग साडेअकराला एक्स-रे पाठवणं दहा मिनिटं थांबवा आणि पुन्हा कॉल करा. आवाज सुधारला तर रांगेचं नक्की झालं. त्यानंतर टनेल यूडीपीवर न्या, दोन दिवस पाहा. मग अपलोडला आवर घालून आवाजाला प्राधान्य द्या. एवढं करूनही जमलं नाही तरच फोन टनेलच्या बाहेर काढून नुसत्या टीएलएस आणि एसआरटीपीवर चालवायचा विचार करा. पण तेव्हा एक्स्चेंज इंटरनेटला उघडं पडेल. उघडं एक्स्चेंज शोधून त्यावरून परदेशात कॉल करणारे चोवीस तास फिरत असतात, आणि बिल तुमच्या नावावर येतं. त्यामुळे फायरवॉलमध्ये फक्त शाखांचे पत्ते सोडावे लागतील, आणि फोर-जीमुळे वाळपईला कायमचा पत्ता मिळणं कठीण आहे. तुमच्यासाठी म्हणूनच मला टनेल ठेवणं बरं वाटतं.

साडेआठ आणि साडेअकराचे आकडे, व्हीपीएनचं नाव आणि सावर्ड्याच्या राउटरचं मॉडेल इथेच लिहा. तो राउटर अपलोडला आवर घालू शकतो की बदलावा लागेल, ते त्यावरून सांगता येईल. तोपर्यंत एक्स-रे दुपारी दीडनंतर चढवायला सांगितलंत तर सकाळच्या पेशंटना तरी नीट ऐकू येईल.